कापूस सरला की मिस्त्रीच्या हाताखाली: गावाकडच्या बांधकामावर नव्यानं जाणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली, की शेतात हाताला काम उरत नाही. तिकडे भंडारा-गोंदियात धान निघालं की तीच गत. मग गावातली पोरं-पोरी एखाद्या मिस्त्रीच्या मागे लागतात, "दादा, उद्यापासून येऊ का?" मीही असाच आलो. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका कामावर, १९ वर्षांचा असताना, गिट्टीचं घमेलं उचलायला. आता मिस्त्रीकाम करतो आणि दर हंगामात दोन-चार नवी पोरं हाताखाली येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगतो, तेच इथे लिहिलं आहे.

शहरात मोठ्या इमारतीच्या कामावर फाटकातच हेल्मेट डोक्यावर चढवतात, सुरक्षेला वेगळा माणूस असतो. आपल्याकडची कामं म्हणजे घरकुल, एकमजली घर, शाळेची खोली, संडासाची टाकी, विहिरीचं बांधकाम. "एवढंसं तर काम आहे" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. कामावर पडलेली, भाजलेली, दबलेली जेवढी माणसं मी पाहिली, ती सगळी अशाच एवढ्याशा कामावरची होती. १० फुटांवरून डोक्यावर पडलेला माणूस वाचला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे काम लहान दिसलं म्हणून खालचं काही गाळू नका.

आदल्या संध्याकाळी: बोलणं आणि वही

मिस्त्री बहुधा ओळखीचा असतो, कधी नात्यातला. म्हणून पैशाचं बोलायला संकोच वाटतो. तरी बोलायचं. रोजी किती, चुकारा बाजाराच्या दिवशी की काम संपल्यावर, जायचा-यायचा खर्च कोणाचा, उचल घेतली तर ती दर आठवड्याला किती कापणार, आणि काम नेमकं कोणाचं. हे ठरलं की रात्री मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: "दादा, उद्यापासून अमुक गावच्या कामावर येतो. रोजी अमुक ठरली." तो "हो" म्हणो न म्हणो, तारखेसकट तो मेसेज राहतो. आपल्या कामात कुठलाच कागद नसतो, म्हणून एवढा तरी कागद आपणच तयार करायचा.

दुसरी गोष्ट वही. १० रुपयांची, खिशात मावेल अशी. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहायच्या: तारीख, गाव, काय काम केलं, किती पैसे मिळाले किंवा बाकी राहिले. एका ठेकेदाराकडे माझी २३ दिवसांची रोजी अडकली होती. त्याच्या हजेरीत १६ दिवस निघाले. माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून १६ चेच पैसे घेऊन घरी आलो. त्या दिवसापासून वही लिहितो.

जायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्या. ती फुकट मिळते, आणि दर १० वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला तात्पुरता आधार देणाऱ्या फळीतला गंजका खिळा पायात शिरला नाही असा कामगार मी अजून पाहिला नाही. खिळा खोल शिरला असेल, तर आधी लस झालेली असली तरी डॉक्टरला दाखवा. आणि बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून या. वर्षाला २० रुपये कटतात आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. १८ ते ७० वयाच्या कोणालाही ती घेता येते. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी खात्यात ते २० रुपये असले पाहिजेत, एवढं ध्यानात ठेवा.

पहिली सकाळ: हात घालण्याआधी एक फेरी

फावडं हातात घ्यायच्या आधी साइटभोवती एक चक्कर मारा. पाच मिनिटं लागतात. आधी वर बघा. घराजवळून वीज वाहिनी जाते का? गावठाणात घर वाढवताना लोक ११ हजार व्होल्टच्या लाइनच्या अगदी खाली स्लॅब टाकतात. २० फुटी सळाख खालून वर देताना तिचं टोक कुठे जातं, याचा हिशेब त्या वेळी कोणी करत नाही. अशा लाइनला सळाख चिकटायचीही गरज नाही, नुसती जवळ गेली तरी करंट उडी मारतो. अशी जागा असेल तर सळाख उभी करून द्यायचीच नाही. आडवी धरून दुसऱ्या बाजूनं चढवायची. लाइन बंद करून घ्यायची असेल तर महावितरणचा नंबर १९१२ आहे. तारेवर टाकलेला आकडा काढला म्हणजे लाइन बंद झाली, असं समजणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांचं ऐकू नका.

मग खाली बघा. उघडा खड्डा, खिळ्यांच्या फळ्या, विटांची वाकडी थप्पी. महिनाभर पडून असलेल्या विटांच्या थप्पीत उघड्या हातानं वीट काढू नका. आधी सबलीनं किंवा काडीनं हलवा, विंचू आणि साप तिथेच बसतात.

शेवटी तीन गोष्टी विचारून घ्या. पिण्याचं पाणी कुठे, सावली कुठे, आणि काही झालं तर चारचाकी कोणाकडे आहे. तिसरा प्रश्न विचारला की लोक अपशकुनी म्हणतात. म्हणू द्या.

कपड्यांचं थोडक्यात: बाह्या पूर्ण असलेला शर्ट, बंद बूट, चप्पल कधीच नाही. दुपट्टा डोक्याला बांधा, पण त्याची टोकं लोंबत ठेवू नका. बायांनी पदर कमरेला घट्ट खोचावा. मिक्सर मशीन फिरत असताना त्याच्या दातेरी चक्राजवळ लोंबणारं कापड म्हणजे काही क्षणांचा खेळ असतो, मशीन बंद करायलाही वेळ मिळत नाही.

पाडावर चढताना

पाड म्हणजे बल्ल्या किंवा बांबू बांधून, त्यावर फळ्या टाकून केलेली उभं राहायची जागा. काहीजण परांची म्हणतात. प्लास्टर, जुडाई म्हणजे विटांचं बांधकाम, रंग, सगळं त्यावरूनच होतं. नवीन माणसाला पाड बांधायला लावत नाहीत, पण चढायला मात्र पहिल्याच दिवशी लावतात. म्हणून चांगला पाड कसा दिसतो हे तुम्हाला कळलं पाहिजे.

बल्लीचा बुंधा जमिनीत गाडलेला किंवा पक्क्या फळीवर टेकलेला हवा. भुसभुशीत मातीवर नुसता ठेवलेला चालत नाही. आपल्या काळ्या मातीत तर पाऊस पडला की टणक वाटणारी जमीनही लोणी होते. पावसाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक बुंधा पायानं ढकलून बघा. काथ्याची दोरी ऊन-पावसानं कुजते. जुन्या कामावरून आणलेल्या दोरीची गाठ हातानं पिळून बघा, भुसा सुटला तर ती बदलायला सांगा. उभं राहायला निदान दोन फळ्या शेजारी-शेजारी हव्यात आणि त्यांची दोन्ही टोकं बांधलेली हवीत. आधाराच्या पुढे फार बाहेर आलेल्या टोकावर पाय पडला की फळी सीसॉसारखी उलटते. बहुतेक जण पडतात ते असेच. पाड तुटून पडणं त्या मानानं कमी.

पाड भिंतीला जागोजागी बांधलेला हवा. खिडकीतून आडवी बल्ली घालून आतल्या बाजूनं अडकवतात, ती पद्धत चांगली. कठडा म्हणून कमरेच्या उंचीवर एक आडवा बांबू बांधायला दहा मिनिटं लागतात. तो नसेल तर मी स्वतः बांधून घेतो आणि मगच माणूस वर पाठवतो. उंची ६ फुटांच्या वर गेली की पट्टा लावणं चांगलं. पूर्ण अंगाचा पट्टा घ्या, नुसत्या कमरेचा नको. कमरेच्या पट्ट्यावर लटकलेल्या माणसाच्या पाठीला आणि पोटाला मार बसतो. त्याचा हूक डोक्याच्या वर, पाडाला नव्हे तर पक्क्या कॉलमला किंवा बीमला अडकवायचा. पाडच पडला तर पाडाला अडकवलेला हूक तुम्हालाही सोबत नेणार.

जुन्या घराचं काम करताना आणखी एक सापळा असतो. कवेलू उतरवताना खालची लाकडं, मयाल आणि फाटे, कुजलेली निघतात. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय फक्त खिळ्यांच्या रांगेत, म्हणजे खालच्या आडव्या लाकडावर ठेवायचा. मधे ठेवला की पत्रा बिस्किटासारखा मोडतो. त्यातून आडव्या फळ्या टाकूनच पुढे जायचं. पत्रा कितीही मजबूत दिसो.

सेंट्रिंग केव्हा काढायचं

स्लॅबखालच्या आधाराचे दिवस तुम्ही ठरवणार नाही, पण खाली उभे तुम्हीच राहणार. म्हणून हे आकडे पाठ असू द्या. खांबाच्या, भिंतीच्या बाजूच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी काढल्या तरी चालतात. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १५ फूट असेल तर त्याखालच्या बल्ल्या किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीम ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, मोठा असेल तर २१. बांधकामाचं भारतीय मानक हेच सांगतं. राख मिसळलेलं सिमेंट उशिरा पकडतं आणि गावात बहुधा तेच येतं, त्यामुळे दोन-चार दिवस जास्त ठेवलेले बरे. सेंट्रिंगचं साहित्य भाड्याचं असतं, दिवसाचं भाडं चढतं, म्हणून काढायची घाई होते. ठेकेदार "काढा" म्हणाला तर ढलाई कुठल्या तारखेला झाली ते विचारा. तुमच्या वहीत तारीख असेलच.

काढताना बल्ल्या मधून सुरू करून कडेकडे जायचं, आणि बाहेर निघायची वाट सतत पाठीमागे मोकळी ठेवायची. छज्ज्याचं मात्र उलट असतं. त्याच्या बल्ल्या बाहेरच्या कडेपासून भिंतीकडे काढत यायच्या.

संडासाची टाकी: इथे थांबून वाचा

नव्या टाकीचा स्लॅब टाकून पंधरा दिवस झालेले असतात. आत ओलं लाकूड, थोडं साचलेलं पाणी, वर फूट-दीड फुटाचं झाकण. आता आतलं सेंट्रिंग काढायला एक बारीक अंगाचा पोरगा आत उतरवतात. टाकी नवी आहे, कोणी वापरलेली नाही, मग गॅस कुठून येणार, असं सगळ्यांना वाटतं. पण ओलं लाकूड बंद जागेत कुजतं तेव्हा आतला प्राणवायू खाऊन टाकतं आणि वाईट वायू सोडतं. वास बहुतेक वेळा येतच नाही. आत गेलेला पोरगा दोन श्वासांत खाली बसतो. वरचा माणूस ओरडतो, त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. एका टाकीत दोन-तीन जण एकदमच जातात ते यामुळे. पहिल्याला धोका कळला नाही, दुसऱ्याला माया आवरली नाही.

जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरतानाही हेच लागू आहे, विशेषतः वर्षभर झाकून ठेवलेल्या किंवा आतून इंजिन चालवलेल्या विहिरीत.

काय करायचं? झाकणं दोन असतील तर दोन्ही, नसतील तर एक मोठं, निदान एक पूर्ण दिवस उघडं ठेवा. आतलं पाणी मोटरनं बाहेर काढा, पण डिझेल इंजिन आत नेऊ नका. टेबल फॅन किंवा कूलरचा पंखा लावून तासभर बाहेरची हवा आत ढकला आणि काम चालू असेपर्यंत पंखा बंद करू नका. दिवा सोडून बघायची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचंच नाही, हे खरं. पण दिवा पेटता राहिला म्हणून हवा चांगली आहे असं होत नाही. विषारी वायू त्यातून कळत नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर भडका उडतो. म्हणून मी दिवा सोडत नाही. उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधलेला हवा, दोराचं टोक धरून दोन माणसं वर हवीत, आणि दर मिनिटाला हाक द्यायची. उत्तर आलं नाही की ओढायचं. खाली कोणी उतरायचं नाही, सख्खा भाऊ आत असला तरी. दोर नसेल तर १०८ (अँब्युलन्स) आणि १०१ (अग्निशमन) ला फोन आणि पंखा, एवढंच तुमच्या हातात आहे. हे लिहितानाही जड जातं, पण उतरून त्याला वाचवता येत नाही.

या कामाला "नाही" म्हटलं म्हणून कोणी तुमची रोजी बुडवली, तर ती बुडू द्या.

खोदकाम

काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते, म्हणून पाया खोल, मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. खड्डा दीड मीटरच्या, म्हणजे ५ फुटांच्या खाली गेला की बाजू उतरत्या कापा किंवा फळ्यांचा आधार द्या. उपसलेली माती काठापासून निदान हात-दोन हात लांब टाका. काठाला समांतर भेग दिसली की आधी बाहेर या, मग चर्चा करा. छातीपर्यंत दबलेला माणूसही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागा राहत नाही.

वीज

मिक्सर, व्हायब्रेटर, टाइल कटर, पाण्याची मोटर, सगळ्यांची वायर एकाच बोर्डावर असते. त्या वायरची टोकं उघडी करून, काडी खोचून सॉकेटात घातलेली असतात. हे दिसलं की प्लग लावायला सांगा. ४०-५० रुपयांचा प्लग असतो. जोडावर टेप आणि वायर जमिनीवरून नाही तर बल्लीवरून नेलेली हवी, पाण्यात पडलेली तर मुळीच नको. घरमालकाला सांगून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो क्षणात लाइन तोडतो. घराला पुढे तो लागणारच आहे, मग आधीच बसवला तर मालकाचं काही जात नाही.

कोणी चिकटला तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. पण ११ हजाराची लाइन असेल तर लाकूडही वाचवत नाही, तिथे महावितरणकडून लाइन बंद होईपर्यंत दूरच राहा. तो सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात आणि खोल दाबत राहा, अँब्युलन्स येईपर्यंत.

सिमेंट आणि धूळ: हळूहळू खाणारी दुखणी

ओलं सिमेंट चुन्यासारखंच जाळतं, पण लगेच नाही. ढलाईच्या दिवशी बुटात माल शिरला, दिवसभर तसाच राहिला, रात्री मोजा काढला तर सालटं मोज्यासोबत आलं, हे मी माझ्याच पायावर पाहिलं आहे. दुखलं तेव्हा उशीर झाला होता. गमबूट घाला, पॅन्ट त्याच्या वरून सोडा, आत माल गेला तर तेव्हाच थांबून धुवा. हाताला रबरी मोजे. कामानंतर भरपूर साध्या पाण्यानं हात धुवून मग खोबरेल तेल लावा. कामाआधी तेल लावून मोज्याशिवाय काम करणं हा उपाय नाही. डोळ्यात गेलं तर चोळू नका, १५-२० मिनिटं सलग पाण्याची धार सोडा आणि मग दवाखाना गाठा. काहींना सिमेंटचं वावडं होतं, हात फाटतात, खाज थांबत नाही. असं झालं तर लवकर डॉक्टर गाठा. एकदा बसलेलं वावडं सहसा जात नाही.

धुळीचं त्याहून वाईट. टाइल, कडप्पा, ग्रॅनाइट कोरडं कापताना जी बारीक पांढरी धूळ उडते, तिच्यातली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला औषध नाही, आणि ज्याला तो झाला त्याला टीबी लवकर पकडतो. गिट्टी खदानीवरची माणसं खोकून खोकून वाळतात ते यामुळे. कापताना कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ खालीच बसते. एक बाटली, झाकणाला भोक, एवढ्यावर हे होतं. शेजारचा माणूस पाणी ओतेल. कटर मात्र प्लग आणि आरसीसीबी असलेल्याच जोडणीवर चालवा. तोंडावर दुपट्टा बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. राखेच्या विटा कापतानाही तोच घाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, आणि "मी दगड कापायचं काम करतो" हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

५० किलोची सिमेंटची बॅग एकट्यानं पाठीवर घ्यायची फुशारकी पहिल्या महिन्यात सगळे मारतात. चाळिशीत कंबर तिचा हिशेब मागते. दोघांनी उचला.

ऊन

शेत रिकामं होतं तेव्हाच बांधकामाचा हंगाम भरात येतो. म्हणजे मार्च ते जून. आणि नेमकं याच काळात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो. स्लॅबवर सळाखी बांधताना लोखंड तव्यासारखं तापलेलं असतं, त्यामुळे छपराखालच्या माणसाला कळत नाही इतका ताप वरच्याला लागतो.

नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच ऊन लागतं. शरीराला उन्हात कष्ट करायची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले चार-पाच दिवस जुन्या माणसाइतकं ओढू नका. मिस्त्री हसला तर हसू द्या. काम सकाळी सहाला सुरू करून बारापर्यंत, मग चारनंतर, असं ठरवून घ्या. बहुतेक मिस्त्री ऐकतात, कारण दुपारी त्यांचंही लक्ष लागत नाही. तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. घाम फार जात असेल तर दुपारी ताक, आंबील, मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं. ओआरएस घरी करायचं तर १ लिटर पाण्यात सपाट भरलेले ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण तो पाण्याची जागा घेत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, इथवर सावली आणि पाण्यानं निभावतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि अँब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मंदिराच्या ओट्यावर झोपवून "येईल शुद्धीवर" म्हणत बसू नका.

रेजा म्हणून जाणाऱ्या बायांसाठी

विटा, रेती, माल वर देणं हे काम बायाच करतात, आणि त्यांची रोजी गड्यापेक्षा कमी धरायची रीत अजून गावोगावी आहे. एकाच कामाला बाईला कमी मजुरी देणं १९७६ पासून बेकायदा आहे. तेच काम करताय तर तेवढेच पैसे मागा, आणि एकटीनं नाही, सगळ्याजणी मिळून. साइटवर आडोसा नसतो म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीला जळजळ, मूतखडा आणि उन्हात तर सरळ चक्कर. चार बल्ल्या आणि एक ताडपत्री, एवढ्यात आडोसा होतो. पहिल्या दिवशीच मिस्त्रीकडून करून घ्या. लेकरू सोबत असेल तर ते मिक्सर आणि खड्ड्यापासून लांब, एका जुन्या बाईच्या नजरेत ठेवा.

९० दिवस भरले की मंडळात नाव घाला

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ हे नाव लांबलचक आहे, पण पाठ करून ठेवा. १९९६ च्या कायद्यातून ते उभं राहिलं. मोठ्या बांधकामांच्या खर्चावरचा १ टक्का उपकर मंडळाकडे जमा होतो, त्यातून कामगाराला मदत मिळते. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट आहे. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, गावात ग्रामसेवकाकडूनही घेतात. सोबत आधार, बँक पासबुक, रहिवासी पुरावा आणि फोटो. अर्ज ऑनलाइन भरतात. सरकारी फी नावापुरती आहे, तेव्हा "कार्ड काढून देतो" म्हणत हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. दाखल्यासाठी गेलात की वही सोबत न्या. तारखांसकट काम दाखवलं की दाखला देणाऱ्यालाही सही करायला हिंमत येते.

पेटी आणि भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात आणि लोकांना मंडळ तेवढ्यापुरतंच माहीत असतं. पण मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत आणि कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख रुपये, हे सगळं त्याच कार्डावर आहे. फक्त नोंदणी चालू असली पाहिजे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि बहुतेकांचं नेमकं तेच राहून जातं. पुढची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

अपघात झालाच तर

उंचावरून पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. आमच्या एका कामावरचा पोरगा पडल्यावर पाय हलवत होता. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत, २२ किलोमीटर मोटरसायकलवर बसून, त्याचे पाय हलायचे थांबले. मणका दुखावलेला माणूस वाकवला की हे होतं. सेंट्रिंगची लांब फळी घ्या, चौघांनी मिळून त्याला एकसंध, डोकं-मान-पाठ सरळ ठेवून त्यावर सरकवा, दुपट्ट्यांनी बांधा आणि १०८ किंवा चारचाकीतून न्या.

दवाखान्यात डॉक्टर विचारतील, "काय झालं?" तिथे ठेकेदाराचा माणूस कानाशी लागेल, "घरी शिडीवरून पडलो असं सांग, खर्च आम्ही करतो." असं सांगू नका. केसपेपरवर "घरी पडला" लिहिलं गेलं की पुढे भरपाई मागायला जागाच उरत नाही, आणि खर्चाचं आश्वासन पहिल्या बिलानंतर विरतं. "अमुक गावात, अमुकच्या कामावर पडलो" हेच सांगा आणि लिहिलं का ते बघा. पोलिसांच्या जबाबातही तेच. सोबत्यानं त्याच दिवशी जागेचे, पाडाचे फोटो काढावेत. शाळा, रस्ता, पाण्याची टाकी असं सरकारी काम असेल तर फलकाचा फोटो आधी, कारण त्यावर मुख्य ठेकेदाराचं नाव असतं. पोटठेकेदारानं हात वर केले तरी वरच्यावर जबाबदारी येते.

कामावरच्या अपघाताची भरपाई मालकानं द्यायची, हे १९२३ पासून कायद्यात आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. हिशेब असा: मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. मजुरी महिना १५,००० आणि वय ३० धरलं तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. गावात अशा वेळी ५० हजार देऊन, अंगठा घेऊन प्रकरण मिटवतात. हा आकडा माहीत असेल तर घरचे निदान अंगठा द्यायच्या आधी थांबतील. कायमचं अपंगत्व आलं तरी भरपाई आहे, त्यात मजुरीचा ६० टक्के भाग धरतात. एक मात्र लक्षात ठेवा. दारू पिऊन चढलात आणि जखमी झालात, तर मालकाला भरपाई नाकारायला जागा मिळते.

दावा दोन वर्षांच्या आत लावा. वाट कळत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जा. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन १५१०० आहे.

दावा टिकतो तो कागदांवर. म्हणून मंडळाचं कार्ड, आधारची झेरॉक्स, २० रुपयांच्या विम्याची पावती आणि भरलेल्या जुन्या वह्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या पेटीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते आई-बायकोला दाखवून कामावर निघा.